चोर्ला घाटातील टकटक

बेळगावाहून निघून, जांबोटी मागे टाकून आम्ही कणकुंबीस पोहोचलो. मलप्रभेचे उगमस्थान पाहून मन प्रसन्न झाले. परंतु पुढे चोर्ला घाट उतरताना प्रत्येक वळणावर पुढच्या चाकातील ओळखीची टकटक वाढत गेली. साखळीच्या मिस्त्रीने गाडी उचलून दाखविली: एक्सलच्या सांध्यावरील रबरी बूट फाटून ग्रीस गळाले होते, धूळ शिरून सांधा झिजला होता. बूट वेळीच बदलला असता तर काही शे रुपयांत भागले असते. आता अख्ख्या एक्सलसाठी हजारो मोजावे लागले. पुतणीच्या लग्नातील आहेराची रक्कम तेथेच सरली. महिनाभर ती टकटक आम्ही ऐकून न ऐकल्यासारखी केली होती! वाचकहो, प्रवासास निघण्यापूर्वी गाडीखाली एकदा वाकून पाहावे.