रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर

तूर सोंगून झाली की तुराट्यांचे भारे गाडीतून घरी यायचे. परसातली पावसाने काळी पडलेली कुपाटी उपसून तिथे नवी रोवली जायची. खाली तुराट्या, पऱ्हाट्या, वरून बोरीच्या काट्या. ढोरं अडत, माणसं अडत नसत. रोवताना शेजारचे काका वीतभर अलीकडे, वीतभर पलीकडे म्हणून वाद घालत, पण तो वादही कुपाटीबरोबर वर्षभरात कुजून जाई. सिमेंटला ती सोय नाही.

मंगरूळपीरच्या भोवतालच्या शेतांचे आता ले-आऊट झाले आहेत. जमीन एन.ए. होते, चुन्याच्या रेघा पडतात आणि कित्येक ठिकाणी घराच्या आधी वॉल कंपाउंड उभं राहतं. आत नुसती गाजरगवताची बाग आणि भोवती सहा-सात फुटांची भिंत! हसू येतं, पण त्यामागची भीती मला कळते. धुऱ्यावरच्या एका तासासाठी ज्यांच्या बापाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना प्लॉट उघडा टाकून झोप कशी लागावी?

भिंत चढू लागली की ओट्यावर पंचायत बसते. एक जण म्हणतो, "माह्या जाग्यावर मी किती का उंच बांधीन, नगरपरिषदेले काय करा लागते?" दुसरा म्हणतो, "बांध ना भाऊ, पण माह्या खिडकीतलं वारं कोन देईन?" दुसऱ्याचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने हलका नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं बिनतक्रार, अखंड घेतलेल्या उजेड-वाऱ्यावर घराचा हक्क मानला आहे. नव्या ले-आऊटमधल्या घरांची वीस वर्षं भरायचीच आहेत, ही अडचण वेगळी.

पहिल्याच्या प्रश्नाला तर सरळ उत्तर आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे, खास परवानगी नसेल तर घराच्या कंपाउंडची भिंत दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. आणखी वर जायचं असेल तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसेल असा जाळीचा हवा. फाटक आतच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. आमच्या गल्लीतली अर्धी फाटकं या एका ओळीत नापास होतील.

मला त्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट मोजणीची वाटते. ही उंची आपल्या अंगणातून मोजायची नसते, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची असते. आणि आमचा रस्ता स्थिर आहे कुठे? डांबरावर खडी, खडीवर सिमेंट, निवडणूक जवळ आली की आणखी एक थर. जुना खोदून नवा करण्याची रीतच नाही. थरागणिक रस्ता वर येतो आणि घर खाली जातं. पहिल्या पावसात नालीचं पाणी ओसरीवर येतं आणि कधीकाळची पाच फुटांची भिंत रस्त्यावरून चालणाऱ्याच्या कमरेला लागते. तिथे घरमालकाने विटांचे दोन थर चढवले तर नियमाने तो खोटा ठरत नाही. आम्ही मात्र त्याच्याच नावाने बोटं मोडतो, रस्ता चढवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पाच फुटांवर साधारण माणसाचा चेहरा दिसतो. "काकू, भाजी काय केली आज?" हे पाच फुटांवरून विचारता येतं, आठावरून फोन लावावा लागतो. असं मी एकदा मोठ्या उत्साहाने सांगत होतो, तर शेजारच्या वहिनींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, "तुमचं बरं आहे भाऊ. भिंत उंच झाली तेव्हापासून मी उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून झोपते." त्यांचं खोटं नव्हतं. चौकातल्या नजरा ज्यांना झेलाव्या लागतात, त्यांच्यासाठी दोन फूट वीट म्हणजे दोन फूट मोकळीक असते. चोराची भीती मात्र मला पटत नाही. भरीव भिंत एकदा ओलांडली की चोराला तिचीच आड मिळते. जाळीतून निदान समोरच्या म्हातारीला दिसेल तरी.

आणि भिंत नुसती अंगणाचीच नव्हती. गावाभोवती गावकूस होतं आणि काही माणसांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या बाहेर होती. तिथून आलेल्या माणसाला उंच भिंतीचं कौतुक सांगायला जाऊ नये. त्याच मातीत हयात कलंदरांच्या नावाने मंगरूळला 'पीर' जोडलं गेलं आणि आज त्यांच्या दर्ग्यात सगळ्यांचीच ये-जा असते, हेही खरं.

भिंत लागते तिथे लागतेच. आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. 2022 च्या डिसेंबरपासून त्याच्यावरून गाड्या ताशी 120 च्या वेगाने पळतात. तिथे भिंत नसेल तर ढोरंही मरतील आणि माणसंही. आमच्या गल्लीत तो वेग नाही. पण वळणं आहेत.

म्हणून नियमावलीतली एक ओळ मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते. कोपऱ्याच्या प्लॉटला वळणापासून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट ठेवायची, वर हवं तर ग्रिल लावायचं. सायकलवरून येणारं पोर आणि समोरून येणारा ट्रॅक्टर यांना एकमेकांचा अंदाज यावा एवढ्याचसाठी ती ओळ आहे. बाकीच्या उंचीवर भांडू, वहिनींचं ऐकू, रस्त्याच्या थरांचा हिशोब नगरपरिषदेला विचारू. पण विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. ज्यांचा प्लॉट कोपऱ्यावर आहे त्यांनी त्याआधी एक गवंडी बोलवावा आणि तेवढे दहा-दहा मीटर उतरवून घ्यावेत.