न बरे झालेल्यांची साक्ष

प्रार्थना ऐकली गेली की माणूस चारचौघांत सांगतो. कोणी नवस फेडतो, कोणी दर्ग्यावर चादर चढवतो, कोणी चर्चमध्ये आभाराचे दान देतो. ऐकली न गेलेल्या प्रार्थनेचे फेडण्यासारखे काही नसते, म्हणून तिची नोंद सहसा कुठे राहत नाही. आमच्या बऱ्हाणपुरात मात्र अशी एक नोंद दगडाविटांत शिल्लक आहे. तापीकाठच्या या शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. आई वाचावी म्हणून थोरल्या मुलीने, जहाँआराने, गोरगरिबांना रत्ने वाटली, असे सांगतात. हिंदुस्थानच्या बादशहाच्या पदरी कशाची वाण होती? तरी ती वाचली नाही. नदीपलीकडे जैनाबादला तिला पुरले आणि सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्र्याकडे नेला. ताजमहाल तिकडे झाला. आमच्या वाट्याला नुसती मृत्यूची जागा आली.

या गावात वाढलेल्या माणसाला म्हणून एक गोष्ट लवकर कळते. मागणाऱ्याची ऐपत, त्याची तळमळ किंवा त्याचे प्रेम यांवर मागणे पुरे होणे ठरत नाही. पण आम्ही पडलो ख्रिस्ती. आमच्या घरांत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, आणि त्याला कारण आहे. आमच्या शुभवर्तमानांची पाने बऱ्या झालेल्या माणसांनी भरलेली आहेत. बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी बाई वस्त्राला नुसता हात लावून बरी होते. पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडतात आणि तो आपली बाज उचलून चालू लागतो. पेत्राची सासू तापातून उठते आणि लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. रविवारच्या शाळेत हे ऐकत वाढलेल्या मुलाला वाटते, प्रभू घरात आला की दुखणे दाराबाहेर गेलेच पाहिजे.

माझ्या आईचे दुखणे १९८६ च्या सुमारास सुरू झाले. आधी बोटांची पेरे सुजली, मग मनगटे, मग गुडघे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिच्या मुठी मिटत नसत. आपण ज्याला ढोबळपणे संधिवात म्हणतो, त्यातला हा सगळ्यांत हट्टी प्रकार. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच यात आपल्या सांध्यांवर उलटते. हे आम्हाला पुढे जळगावच्या डॉक्टरांनी समजावले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या त्यांनी दिल्या. त्यांनी वेदना कमी झाली, पण वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत.

प्रार्थना तर पहिल्या दिवसापासून चालू होती. याकोबाच्या पत्रात सांगितले आहे त्याप्रमाणे पाळकसाहेब आणि मंडळीतले वडील घरी आले, कपाळाला तेल लावले, डोक्यावर हात ठेवले. बायकांच्या प्रार्थनासभेत दर आठवड्याला तिचे नाव घेतले जाई. उपासही झाले. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली.

याच काळात, १९९३ मध्ये, आम्ही तिला सीमेपलीकडच्या एका शहरात आरोग्यसभेला घेऊन गेलो. मोठे मैदान, मंडप, कर्णे, दूरवरून आलेले वक्ते. बरे झालेल्यांनी पुढे येऊन साक्ष द्यायची होती. पुष्कळ जण गेले. त्यांतले काही खरोखरच बरे झाले असतील, नाही म्हणणारा मी कोण? आई तीन दिवस तिसऱ्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसून राहिली. शेवटच्या संध्याकाळी एक स्वयंसेवक तिच्याजवळ वाकला आणि मायेनेच म्हणाला, "मावशी, मनात कुठेतरी शंका आहे तुमच्या. ती काढा. विश्वास पुरा झाला की काम होईल."

परतीच्या पॅसेंजरमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. रावेर मागे पडल्यावर आईच म्हणाली, "शंका कसली रे? तो करू शकतो, हे मला ठाऊक आहे. त्याने केलं नाही, हेही ठाऊक आहे. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोटं कर म्हणून का सांगतात मला?"

या प्रश्नावर मी इतकी वर्षे विचार करीत आलो आहे. न मिळालेल्या उत्तरापेक्षा त्या उत्तराचा लावलेला हिशेबच आजाऱ्याला अधिक छळतो. बरे वाटले तर श्रेय देवाचे, न वाटले तर दोष आजाऱ्याचा, असा हा हिशेब. त्यात देवही सुटतो आणि उपदेशकही सुटतो. अडकतो तो खुर्चीवर बसलेला माणूस. त्याला आधी सांधे दुखत होते, आता विश्वासही दुखू लागतो.

शास्त्राचा आधार घेऊन हा हिशेब मांडतात, म्हणून शास्त्रच उघडून पाहावे. बेथेसदाच्या तळ्याकाठी पाच पडव्यांत आजाऱ्यांची गर्दी होती. त्यांतल्या अडतीस वर्षे पडून असलेल्या एकालाच येशूने उठवल्याचे योहान सांगतो. बाकीच्यांचे काय झाले, यावर तो गप्प आहे. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत, अशी ख्याती असलेल्या पौलाच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, त्यासह जगायला पुरेल एवढी कृपा मिळाली. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला वारंवारच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. तीमथ्याचा विश्वास कमी पडतो, असे त्याने लिहिले नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने प्याला टळावा म्हणून केलेली प्रार्थना? प्याला टळला नाही. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला म्हणायचा?

शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. लाजर कबरेतून उठला, पण पुढे केव्हातरी तोही मेलाच. शुभवर्तमानात बरा झालेला एकही माणूस आज आपल्यात नाही. तेव्हा शरीर बरे होणे ही देवाच्या प्रीतीची एकमेव खूण मानली, तर ती खूण प्रत्येकाच्या बाबतीत एक दिवस पुसली जाणार.

आईला पौलापेक्षा जवळची वाटे ती पंडिता रमाबाई. त्याला घरगुती कारण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना आपल्याकडे घेऊन गेल्या. आमचा निमाड जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. आईची आजी त्या पोरक्या मुलींपैकी एक. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात ती लिहा-वाचायला शिकली आणि लग्न होऊन इकडे परतली. त्यामुळे आमच्या घरात रमाबाईंचे नाव नात्यातल्या वडीलधाऱ्या बाईसारखे घेतले जाई.

रमाबाईंनी मरण फार जवळून पाहिले होते. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे बहीण गेली, भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने. ती इच्छा बहिरेपणाने हाणून पाडली. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थिनीला वैद्यकाचा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला शेकडो मुलींच्या अन्नापाण्यासाठी त्या प्रार्थनेवर विसंबून राहिल्या. १९०५ मध्ये मुक्ती सदनात जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची वार्ता देशोदेशी गेली. इतक्या प्रार्थनांच्या त्या घरात रमाबाईंचे कान मात्र अधूच राहिले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. आईने लेकीसाठी काय मागितले असेल, ते सांगायला नको. दुसऱ्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्याचे त्यांचे काम अखेरपर्यंत चालू होते.

आई म्हणायची, "त्या बाईला कोणी म्हणेल का, तुमचा विश्वास कमी म्हणून?"

'प्रभू रोग बरे करतो' या शिकवणीला आमच्या भागात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. वऱ्हाड-खानदेशात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' नावाच्या अमेरिकन मिशनचे काम पसरले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, रोग बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा, असे चौपदरी शुभवर्तमान ते सांगत. १८८१ मध्ये स्वतःचा हृदयविकार प्रार्थनेने बरा झाला, अशी त्यांची साक्ष होती आणि त्यानंतर त्यांनी डोंगराएवढे काम केले. पण आयुष्याच्या अखेरीस तेही आजारीच होते, आणि १९१९ मध्ये वारले. यात त्यांची पहिली साक्ष खोटी ठरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पहिली साक्ष सांगताना शेवटचे आजारपणही सांगावे.

त्याच सुमारास मिरजेला डॉ. वानलेस यांनी दुसरी वाट धरली. १८९४ मध्ये त्यांनी तिथे उभारलेल्या रुग्णालयात प्रार्थनाही होई आणि शस्त्रक्रियाही. प्रार्थना केली म्हणून सुरी बाजूला ठेवली नाही, आणि सुरी हाती आहे म्हणून प्रार्थना सोडली नाही. हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आईच्या आठवड्याच्या गोळीलाही आमच्या घरात प्रार्थनेइतकाच मान होता. गोळी घेताना ती डोळे मिटून आभार मानी.

आता आईची प्रार्थना पुढे कशी झाली, ते सांगतो. पहिली काही वर्षे ती स्वतःसाठी मागत होती. नंतर तिच्या प्रार्थनेत दुसऱ्यांची नावे वाढत गेली. कोणाची सून अडली आहे, कोणाचा मुलगा दारूला लागला आहे, कोणाचा पॉवरलूम बंद पडला आहे. दुखणाऱ्या माणसाकडे दुखणारी माणसे संकोच न करता येतात. शेजारच्या खाला तर कणीक मळतामळता सांगत, "दीदी, मेरे वास्ते भी दुआ करना." कणीक आमचीच असे. आईच्या हातांना मळणे जमेनासे झाल्यापासून किती वर्षे त्या रोज सकाळी येऊन आमची कणीक मळून देत होत्या! त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही. देवाने आईच्या प्रार्थनेला खालांच्या हातांनी उत्तर दिले, असे म्हणून मी मोकळा होऊ शकतो. पण तसे म्हणवत नाही. आईने बोटे मागितली होती, ती मिळाली नाहीत. कणीक मळून मिळाली, ही वेगळी देणगी. एका देणगीने दुसऱ्या मागण्याची पोकळी बुजवू नये. दोन्हींची नावे वेगवेगळी लिहावीत, असे मला वाटते.

आई २००५ मध्ये गेली. पुरताना कोणीतरी म्हणाले, "आता ती पूर्ण बरी झाली." आमचा विश्वास तोच आहे, पुनरुत्थानाची आशा आम्ही दर रविवारी बोलून दाखवतो. तरीही ते वाक्य मला त्या क्षणी फार घाईचे वाटले. एकोणीस वर्षांच्या वेदनेवर इतक्या लवकर पांघरूण घालू नये. लाजर उठणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला होता.

वाचकहो, माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. एक सूचना मात्र आहे, आणि ती ख्रिस्ती मंडळीपुरतीच नाही. आमच्याकडे उपासनेत साक्षीला वेळ ठेवतात. बरे झालेले लोक उभे राहतात, टाळ्या होतात, गाणे होते. त्या वेळातली पाच मिनिटे न बरे झालेल्यांना द्यावीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाने उभे राहून म्हणावे, मी अजून मागतो आहे. मूल गमावलेल्या आईने म्हणावे, मला मिळाले नाही, तरी मी इथे आले आहे. त्यांना कोणी दुरुस्त करू नये, कारण विचारू नये, वचन ऐकवू नये. नुसते ऐकावे, आणि उपासना संपल्यावर त्यांच्या घरी कोणते काम अडले आहे, ते विचारावे.