माघातली सेरेंगेटी

आफ्रिकेच्या सहलीसाठी मुलांनी ऑगस्ट सुचवला, कारण मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप त्या दिवसांत दिसतात. पण तेव्हा चातुर्मास; सासूबाईंचा गाव न सोडण्याचा नियम, आणि पर्युषणही त्याच सुमारास. शिवाय मगरींच्या जबड्यात सापडणारी जनावरे पाहण्यासाठी एवढा खर्च करावा, हे माझ्या मनाला पटेना. म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला. या महिन्यात टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिणेस, न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर हेच कळप वितात. नुकतेच जन्मलेले वासरू काही मिनिटांतच उभे राहते आणि आईमागे धावू लागते. सिंह, तरस तेथेही असतात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवले आहे.

बेत आखताना खरी ओढाताण जेवणाची. सूर्यास्त सातच्या सुमारास, तर तंबूंच्या निवासांत रात्रीचे जेवण बहुधा त्यानंतर. चौविहार सांभाळायचा तर ताट साडेसहापूर्वी हवे आणि कंदमूळ वर्ज्य, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. छोट्या विमानात माणशी साधारण १५ किलो सामान, तेही मऊ पिशवीत. त्यात खाकऱ्यांचे डबे बसवण्याची कसरत सध्या घरी चालू आहे.

शेवटचे ४ दिवस झांझिबारच्या किनाऱ्यावर. तेथील स्टोन टाउनमध्ये एकेकाळी कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. लवंगेबरोबर हस्तिदंताचाही व्यवहार त्यांच्या वह्यांत असे. व्यापारी घरातल्या मुलांनी हेही ऐकावे. मार्चच्या मध्यापासून तेथे मोठा पाऊस लागतो, त्याआधी परतायचे. समुद्रस्नानाला सासूबाईंनी नकार दिला आहे. वाळूवर बसून सामायिक करीन, म्हणाल्या.