पाव अँपिअर

माझ्याजवळ एक जुनी स्पोर्ट्स मोटार आहे, हें सांगतांना मला नेहमींच थोडा संकोच वाटतो. ऐकणारा मनांतल्या मनांत दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, या गृहस्थापाशीं पैसा फार झाला असावा. आणि दुसरी, याला व्यवहार कमी कळत असावा. पहिली खोटी आहे, हें मी खात्रीनें सांगूं शकतों. दुसरीबद्दल मात्र, गेल्या हिंवाळ्यांत जें घडलें त्यानंतर, मला पूर्वीच्या ठामपणें बोलवत नाहीं.

गाडी एम्. जी. बी. जातीची, १९७२ सालची. हिरव्या रंगाची, दोन माणसांपुरती आणि कापडी छताची. एम्. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस या उद्योगपतीची ऑक्सफर्ड येथें त्या नांवाची पेढी होती, तिच्यांतून ही सारी वंशावळ निघाली. एम्. जी. बी. गाड्या ऑक्सफर्डच्या दक्षिणेस अ‍ॅबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होत्या. पुढें तो कारखानाच बंद झाला. नोकरीच्या निमित्तानें मी पुण्याहून या भागांत आलों आणि येथेंच राहिलों. ज्या गांवांत ही गाडी जन्मली तें माझ्या घरापासून इतकें जवळ आहे, कीं ती माहेरींच नांदते असें माझी पत्नी म्हणते. आणि माहेरवाशीण असल्यामुळेंच ती कामाला हात लावीत नाहीं, अशी पुस्तीही जोडते.

ऑक्टोबर सरला आणि गाडीनें खरोखरच अंग काढून घेतलें. रविवारीं सकाळीं मी मोठ्या उत्साहानें तिच्यांत बसावें, किल्ली फिरवावी, आणि आंतून नुसता 'टक्' असा आवाज यावा. दिवे लावावे तर ते देवघरांतल्या समईसारखे मिणमिणावे. मग बॅटरी रात्रभर चार्ज करावी, सोमवारीं गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू व्हावी, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां 'टक्'!

ज्याला असा अनुभव नाहीं त्याला या 'टक्' मधला अपमान कळणार नाहीं. शेजारचे सभ्य गृहस्थ कुत्र्याला घेऊन फिरायला निघालेले असतात. ते थांबत नाहींत, हंसत नाहींत. हवेबद्दल एक वाक्य बोलून पुढें जातात. पण त्या वाक्यांत हवेशिवाय आणखीही पुष्कळ असतें.

मीं कारण शोधूं लागलों असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. मीं आरोपी शोधूं लागलों. पहिला आरोप थंडीवर ठेवला. तो अगदींच निराधार नव्हता. थंडींत बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते, तिची ताकद घटते, आणि त्याच वेळीं इंजिनांतील तेल दाट झाल्यामुळें तें फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. परंतु एक आठवडा हवा चांगली उबदार गेली, तरी रविवारचा 'टक्' चुकला नाहीं. मग मीं बॅटऱ्यांना धारेवर धरलें. या गाडींत बॅटरी एक नसून दोन असतात, सहा-सहा व्होल्टच्या; आणि त्या बॉनेटखालीं नसून आसनांच्या मागें, गालिचाच्या आणि एका पत्र्याच्या खालीं दडविलेल्या असतात. त्यांना भेटायचें म्हणजे गुडघ्यांवर बसून, अर्धें अंग गाडींत व अर्धें बाहेर ठेवून, नमस्काराची मुद्रा करावी लागते. मीं ती केली, जुन्या बॅटऱ्या काढल्या आणि नव्या आणून बसविल्या. पंधरा दिवसांनीं त्याही निपचित पडल्या, तेव्हां दुकानदाराकडे जाऊन मीं त्याला चार शब्द सुनावले. त्यानें त्या शांतपणें तपासल्या आणि म्हणाला, "साहेब, बॅटऱ्या उत्तम आहेत. तुमची गाडी त्या पिते आहे."

माझी गाडी पिते हें मला कबूल नव्हतें. म्हणून मीं तिसरा आरोपी पकडला. तो घरांतच होता.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. ऑगस्टमध्यें त्याला मोटार हांकण्याचा परवाना मिळाला. या गाडीचा विमा त्याच्या नांवानें उतरवणें आमच्या आवाक्याबाहेरचें होतें, म्हणून रस्त्यावर ती नेण्याची त्याला मुभा नव्हती. पण संध्याकाळीं तो गॅरेजमध्यें जाऊन तिच्यांत नुसता बसत असे. दार नीट लागलें नाहीं तर आंतला लहान दिवा रात्रभर जळत राहतो, हें सर्वांना ठाऊक आहे. मीं दोन आणि दोन चार केले. एका रविवारीं, 'टक्' नंतर लगेच, मीं त्याला खालीं बोलावलें आणि दार कसें लावावें यावर एक व्याख्यान दिलें. तो ऐकत राहिला. शेवटीं म्हणाला, "बाबा, रेडिओ काढून पाहिलात का?"

"रेडिओ बंद असतो," मी म्हणालों. आणि तेवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें. "ज्याला दार लावतां येत नाहीं, त्यानें निदान करायला जाऊं नये."

त्यानें खिशांतून गाडीची दुसरी किल्ली काढली, फळीवर ठेवली आणि तो वर गेला. त्यानंतर तो गॅरेजमध्यें आला नाहीं. दार आतां मीं स्वतःच्या हातानें लावीत होतों. बॅटरी तरीही उतरत होती. यावरून एखाद्या सरळ मनाच्या माणसानें जो निष्कर्ष काढला असता तो काढायला मला जवळजवळ तीन महिने लागले. मध्यंतरीं, मुलगा मुद्दाम रात्रीं येऊन दार उघडत असेल काय, असाही एक विचार माझ्या मनांत येऊन गेला. तो मीं कोणाला सांगितला नव्हता. येथेंच प्रथम लिहीत आहें.

फेब्रुवारींत, दुसरा कोणी आरोपी उरला नाहीं तेव्हां, मीं एक मल्टिमीटर विकत आणला. कृति सोपी आहे. गाडीचें सर्व कांहीं बंद करावयाचें, बॅटरीची जमिनीकडची, म्हणजे ऋण, तार सोडवावयाची, आणि बॅटरी व ती तार यांच्या मध्यें मीटर जोडावयाचा. मग गाडींत जाणारा प्रवाह मीटरमधूनच गेला पाहिजे. जकातनाक्यावर गाडी थांबवावी तसा तो आंकडा दाखवतो. पहिल्या दिवशीं मीं संवयीनें किल्ली फिरवली आणि मीटरमधला फ्यूज जाळून घेतला. दुसऱ्या दिवशीं किल्ली घरांत ठेवून आलों.

आंकडा दिसला ०.२५. पाव अँपिअर.

आजच्या गाड्यांना झोपेंतही थोडा प्रवाह लागतोच. त्यांच्यांत संगणक असतात, आणि त्यांना कांहीं ना कांहीं आठवत ठेवावें लागतें. १९७२ सालच्या माझ्या गाडीला आठवण्यासारखें कांहींच नाहीं. तिच्यांत घड्याळसुद्धां नाहीं. सर्व बंद असतांना तिनें जवळजवळ शून्य दाखवावयास पाहिजे. पाव अँपिअर म्हणजे तीन वॉटच्या एका इवल्याशा दिव्याचा खुराक. पण दिवसाचे तास चोवीस असतात. चोवीस तासांत सहा अँपिअर-तास जातात, सात दिवसांत बेचाळीस. बॅटऱ्यांचा सांठा सुमारें साठ. (दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडल्या कीं व्होल्ट दुप्पट होतात, सांठा नव्हे.) रविवारचा 'टक्' त्या साध्या गुणाकारांत लिहून ठेवलेला होता.

आतां हा प्रवाह कोठें जातो तें पाहावयाचें. त्यासाठीं एक-एक फ्यूज काढीत जावें. ज्याच्या जाण्यानें आंकडा पडेल, त्याच्या शाखेंत चोर. माझ्या गाडीच्या पेटींत फ्यूज आहेत अवघे चार. पहिला काढला, ०.२५. दुसरा, ०.२५. चारही काढून हातावर घेतले तरी ०.२५. आंतला दिवा, डिकींतला दिवा, भोंगा, बाजूचे दिवे, सगळे त्या चारांत येतात; म्हणजे ते सगळे निर्दोष. दारावरचा माझा खटला तेथेंच निकालांत निघाला.

मी बराच वेळ ते चार फ्यूज हातांत धरून गॅरेजमध्यें उभा होतों.

पण चार फ्यूज म्हणजे सगळी गाडी नव्हे. या गाडीच्या तारांना रंगांची भाषा आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. जांभळी तार फ्यूजमधून येते आणि सदैव जिवंत असते. हिरवी किल्ली फिरवल्यावरच जागी होते. काळी जमिनीला जाते. या सर्वांची आई म्हणजे तपकिरी तार. ती बॅटरीकडून थेट येते, फ्यूजला विचारीत नाहीं, आणि आल्टरनेटर, किल्लीचा स्विच, दिव्यांचा स्विच असा तिचा फेरा असतो. चोर फ्यूजच्या पलीकडे असेल तर तो तपकिरी तारेवरच बसलेला असला पाहिजे. आल्टरनेटरवर माझा संशय होता. त्याच्यांतील डायोड बिघडले तर भरलेली वीज उलट वाटेनें गळूं लागते. मीं त्याचा प्लग उपटला. ०.२५.

या गाड्यांच्या मालकमंडळींत एक जुना विनोद प्रचलित आहे. विजेचीं उपकरणें पुरविणाऱ्या लूकस कंपनीच्या संस्थापकाला ते 'अंधाराचा युवराज' म्हणतात. मींही तो हिंवाळाभर, शेजाऱ्यांच्या हवेवरील वाक्यांना उत्तर म्हणून, अनेकदां सांगितला होता. आतां त्या गृहस्थाचा प्रत्येक अवयव माझ्यापुढें एकामागून एक निर्दोष सुटत होता.

शेवटीं पाठीवर झोपून, पाय आसनावर टाकून, मीं डोकें डॅशबोर्डखालीं घातलें. विजेरीच्या उजेडांत तपकिरी तार बोटानें चांचपीत गेलों. एका ठिकाणीं तिच्यावर निळ्या प्लॅस्टिकचा एक लहानसा चिमटा बसवलेला होता. अशा चिमट्यानें तार न तोडतां तिला दुसरी जोडतां येते. आळशी माणसाची ही सोय आहे. त्यांतून निघालेल्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळली होती, तांबड्या रंगाची. ती पट्टी मीं ओळखली. काळी संपली म्हणून स्वयंपाकघरांतल्या खणांतून मींच ती आणली होती.

मीं चिमटा ओढला. मीटर बाहेर, आसनाच्या मागें होता. उठून जाऊन पाहिला. ०.००.

गेल्या जूनमध्यें मीं गाडींत एक नवा रेडिओ बसविला होता. अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या रेघांनीं कोरलेला एक पांढरा घोडा आहे, सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचा. त्या बाजूला गाडी उभी करून, पाऊस छतावर वाजत असतांना, पत्नीसह कुमार गंधर्वांचें गाणें ऐकत बसावें, अशी माझी हौस होती. अशा रेडिओला दोन तारा असतात. पिवळी नेहमीं जिवंत राहावयाची. ती फक्त आठवण राखण्यासाठीं. तांबडी किल्लीबरोबर जागी व्हावयाची आणि किल्लीबरोबर झोपावयाची. पण इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू ठेवली तर इग्निशनची कॉइल तापून बिघडण्याचा संभव असतो. म्हणून किल्लीशिवाय गाणें लागावें यासाठीं मीं दोन्ही तारा पिळून एकत्र केल्या आणि तपकिरीला जोडून टाकल्या. परिणाम असा झाला कीं बटण दाबून रेडिओ गप्प बसे, पण झोपत मात्र नसे. उन्हाळाभर मी रोज गाडी चालवीत होतों आणि रात्रीं गेलेलें आल्टरनेटर दिवसा भरून देत होता, म्हणून कांहीं कळलें नाहीं. ऑक्टोबरपासून गाडी रविवारापुरती उरली, आणि हिशेब उघडा पडला.

मी तसाच, ती तार हातांत घेऊन, वर गेलों. मुलगा टेबलाशीं कांहीं वाचीत बसला होता.

"सांपडलें," मी म्हणालों.

त्यानें तारेकडे पाहिलें. "दोन्ही एकत्र होत्या ना?"

"तुला माहीत होतें?"

"बाबा, तुम्ही जोडत होतां तेव्हां विजेरी धरून मीच उभा होतों."

तें मला आठवत नव्हतें. आतां आठवलें. डॅशबोर्डखालीं पडून मी त्याच्यावर खेंकसत होतों, उजेड इकडे, इकडे नव्हे, तिकडे. आणि तो मुकाट्यानें हात हलवीत होता.

"मग बोलला कां नाहींस?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला, आणि निघतां-निघतांच त्याचें उत्तर मला कळलें. तो बोलला होता. त्याला मीं काय उत्तर दिलें होतें तेंही आम्हां दोघांना शब्दशः पाठ होतें. तो कांहींच म्हणाला नाहीं. पुस्तकांत खूण घालून त्यानें तें मिटलें.

या देशांत 'सॉरी' हा शब्द बसमध्यें धक्का लागला तरी वापरतात. कित्येकदां ज्याला धक्का लागतो तोच तो वापरतो. तो मला पुरेसा वाटेना. आमच्या वडिलांनीं आम्हांला कधीं क्षमा मागितल्याचें मला स्मरत नाहीं, त्यामुळें नमुनाही समोर नव्हता. "चुकलें माझें," मी म्हणालों. "दाराचेंही, आणि तें दुसरें बोललों त्याचेंही."

"पण आतां गाणें कसें ऐकणार?" त्यानें विचारलें. "तांबडी हिरवीला जोडलीत तर किल्ली लागेल. कॉइल तापेल."

मीं त्याचा विचार केला नव्हता. त्यानें केला होता. केव्हां, तें मीं विचारलें नाहीं. पिवळी आपल्या जागीं ठेवावी, आणि तांबडीवर एक लहानसा स्विच बसवावा, हवा तेव्हां चालू, उतरतांना बंद; त्याच्या आधीं एक फ्यूजही घालावा. निळा चिमटा नको, नीट डाख देऊन जोडूं. हें सर्व त्यानें माझ्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर काढून दाखविलें. फळीवरची किल्ली घेऊन तो गॅरेजमध्यें उतरला आणि डॅशबोर्डखालीं शिरला.

"उजेड इकडे, बाबा," आंतून आवाज आला. मीं विजेरी तिकडे धरली.