बाटलीतलं कोकम

गेल्या रमजानच्या तोंडावर ओळखीच्या एका बाईंकडून मी वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या. महिन्याच्या बाटलीचे चौदाशे रुपये. ‘कोकमाच्याच जातीचं फळ आहे मॅडम, नैसर्गिक आहे. चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही,’ असं त्या म्हणाल्या. कोकणी माणसाला कोकमाचं नाव घेतलं की पुढचं विचारावंसं वाटत नाही. माशाच्या कालवणात आमसूल नसेल तर आमच्या सासूबाई आजही तोंड वाकडं करतात.

बाटली फ्रिजवर असायची. दहा-बारा रोजे झाल्यावर लक्षात आलं, गोळ्या दुपटीने संपताहेत. माझी नववीतली मुलगी सहरीला गुपचूप एक घेत होती. इफ्तारला दोन खजूर, पाणी, की ‘अम्मी, पोट भरलं.’ वर्गात तिला कुणी ‘गोलू’ म्हटलं होतं. आधी मी तिच्यावर चिडले. मग आठवलं, ‘मी किती जाड झालेय’ हे आरशासमोर रोज कोण म्हणत होतं?

त्यानंतर मात्र मी हा विषय नीट समजून घेतला. बाई अगदी खोटं बोलल्या नव्हत्या. प्रयोगशाळेत उंदराच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवून त्यांची चरबीची पेशी कशी बनते ते पाहतात. त्यात हळदीतलं कर्क्युमिन घातलं की ती घडण मंदावते, हे खरं आहे. पण ताटलीत ते थेट पेशीवर पडतं. आपण खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. माझ्या बाटलीतलं फळ म्हणजे गार्सिनिया, केरळात माशाच्या आमटीत घालतात ते. त्याच्यातलं आम्ल साखरेची चरबी बनवणारं एक एन्झाइम रोखतं. कागदावर झकास! १९९८ साली अमेरिकेत १३५ वजनदार माणसांवर त्याची बारा आठवडे परीक्षा झाली. निम्म्यांना गार्सिनिया, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी, आहार सगळ्यांना सारखाच बेताचा. वजन दोन्हीकडे उतरलं आणि गार्सिनियाने काही जास्त उतरलं नाही. उलट अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणखी एक गोष्ट मनात रुतली. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं की चरबीच्या पेशींची संख्या बालपणी आणि किशोरवयात ठरते. पुढे दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात. मोठेपणी वजन उतरलं तरी पेशी फक्त आकसतात, संख्येने कमी होत नाहीत. म्हणजे माझं वय निघून गेलं, तिचं चालू आहे. या वयात तिला उपाशी ठेवायचं नाही, भज्यांनी भरायचंही नाही.

डॉक्टरांनी तिची रक्ततपासणी केली. अल्हम्दुलिल्लाह, यकृत ठीक निघालं. आता इफ्तारला तळण जुम्याला एकदाच, आणि असरनंतर आम्ही दोघी तळ्यापर्यंत चालत जातो. आरशासमोरचं माझं बोलणं बंद आहे. परवा तिने विचारलं, ‘मग कालवणातलं आमसूल?’ म्हटलं, ‘ते चवीसाठी, बेटा.’

त्या बाईंना मी अजून काही बोललेले नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया त्यांच्याकडूनच बाटल्या घेतात. येत्या पालकसभेआधी त्यांना गाठायला हवं.