मिलच्या संगणकाची पेटी भरली तेव्हा



यावेळी उडदाच्या पापडांबद्दल लिहिणार होते, पण मध्येच आमच्या मिलमध्ये एक प्रकार घडला. तो आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच होती.

नागभीडला धानाचा हंगाम सुरू झाला की फुरसत नसते. एचएमटी तांदूळ शोधून काढणारे दादाजी खोब्रागडे आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे, त्यामुळे इथल्या धानाचे आम्हाला फार कौतुक. आमची मिल लहान आहे. दलालांचे सौदे, ट्रकवाल्यांची बिले, सीएंचे निरोप, सगळे एकाच संगणकावर आउटलुकमध्ये येते. घरचे आवरून दुपारी दोन तास मी बसते, बाकी वेळ ऑपरेटर मुलगी.

त्या दिवशी सीएंनी दोन वर्षांपूर्वीचे एक भाड्याचे बिल मागितले. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला चारच दिवस उरले होते. मी इनबॉक्स उघडला तर तीन दिवसांत एकही मेल आलेला नाही, मेल मागवायला गेले की एररची पाटी, आणि बिलांचा जुना फोल्डर अर्धा रिकामा. मी मागचापुढचा विचार न करता मुलीला म्हटले, "तूच डिलीट केलंस ना?" ती म्हणाली, "काकू, मी त्या फोल्डरला हातसुद्धा नाही लावला." मला पटले नाही. समोर हमाल उभे होते. ती डबा न उघडताच घरी गेली.

रात्री नागपूरच्या भाच्याला फोन लावला. त्याने पहिलेच विचारले, "मामी, मेलची फाइल केवढी आहे?" सकाळी बघितले तर 1.97 जीबी. मग त्याने समजावले. आउटलुकचे मेल संगणकावर एका पीएसटी फाइलमध्ये साठतात. 2003 च्या आधीच्या जुन्या प्रकारच्या फाइलची मर्यादा 2 जीबी. आजच्या नव्या फाइलला 50 जीबीपर्यंत जागा मिळते. आम्ही संगणक दोनदा बदलला, पण फाइल तीच उचलून ठेवत गेलो. पोते गळ्यापर्यंत भरून वर आणखी दाबले की शिवण उसवते, तसे झाले होते.

त्याने फोनवर सांगितले तसे मी करत गेले. तुमच्या दुकानात अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

आधी आउटलुक बंद केले आणि ती फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवली. मूळ फाइलची प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. मग ब्राउझरमधून मेलचे खाते उघडले. मेल उतरवल्यावरही सर्व्हरवर प्रत राहावी अशी सेटिंग आमच्याकडे होती, म्हणून तीन दिवसांचे मेल तिथे सुखरूप सापडले. त्यानंतर ऑफिसच्या फोल्डरमधला स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्राम चालवला. एका वेळेत भागले नाही, तीनदा चालवावा लागला. हरवलेले बरेच मेल "लॉस्ट अँड फाउंड" या फोल्डरमध्ये निघाले, ते भाड्याचे बिलसुद्धा. शेवटी नव्या प्रकारची फाइल तयार करून वर्षावार थोडे थोडे मेल तिकडे हलवले. नुसते डिलीट करून फाइल लहान होत नाही. डिलीटेड आयटम्स रिकामे करून "कॉम्पॅक्ट नाऊ" दाबावे लागते.

मेल हलवताना कळले, जागा कशाने खाल्ली होती. बिले तर हलकीच होती. लग्नपत्रिका, दिवाळीच्या शुभेच्छांची चित्रे, आणि प्रवचनांच्या मोठमोठ्या फाइली. त्या प्रिंट काढायला मीच घरून पाठवल्या होत्या! दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्यावर दरवर्षी मान डोलावते, आणि त्याच प्रवचनाच्या चार प्रती मी मिलच्या पेटीत साठवून ठेवल्या होत्या. मुलीने एकही मेल डिलीट केलेला नव्हता.

क्षमावाणीला आपण हात जोडून सगळ्यांची क्षमा मागतो. खरे सांगू? त्यातल्या बहुतेकांशी आपले काही बिनसलेलेच नसते. पर्व तर कधीच होऊन गेले होते, पुढच्या भाद्रपदाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्याच हमालांसमोर मी तिला म्हटले, "चूक माझी होती बेटा. न बघता बोलले, मला माफ कर." ती लगेच हसली नाही. "काकू, आधी विचारायचं होतं," एवढेच म्हणाली. तिचे बरोबरच होते. दुपारी मात्र डबा माझ्यासोबत उघडला.

बिल सीएंकडे वेळेत पोचले. आता दर महिन्याच्या शेवटी आम्ही दोघी मिळून फाइलचा आकार बघतो. हिशेबाचे कागद काढून टाकायचे नाहीत, कारण जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागते. ते वर्षावार वेगळे ठेवतो, एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर. शुभेच्छा वाचून झाल्या की त्याच दिवशी जातात. आणि प्रवचने मी घरीच, कान देऊन ऐकते.

पापड पुढच्या वेळी नक्की.