पौषांतली सागरसफर

पुणें-नाशिक हमरस्त्यावर नारायणगांवाला खेटून असलेली आमची वारूळवाडी समुद्रापासून फार दूर आहे, असें आम्हांला उगाचच वाटत आलें आहे. मीनेचें पात्र, वरच्या अंगाला वडजचें धरण, पलीकडे कुकडीवरील येडगांवचा जलाशय, एवढाच काय तो आमचा जलविस्तार. आणि वैशाखांत मीना नुसत्या गोट्यांची झाली म्हणजे तोहि आटोपतो. परंतु ज्या जुन्नरच्या छायेंत हीं गांवें वाढलीं, तें शहर दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्राच्याच जिवावर संपन्न झालें होतें, हें विसरून चालणार नाहीं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानें वर चढे तो जुन्नरांत येई. जुन्नरच्या लेण्यांत दानें देणाऱ्यांच्या नांवांत यवनांचींहि नांवें कोरलेलीं आहेत; म्हणजे समुद्रापलीकडचीं माणसें येथें येऊन नुसतीं व्यापार करून गेलीं नाहींत, रमलींहि. नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यांत जकातीचीं नाणीं पडत असत असें सांगतात. या रांजणाची आठवण मला पुढें आगबोटीचें देयक वाचतांना पुन्हां झाली, तें ओघानें येईलच.

हल्लीं आमच्या बाजूच्या सुशिक्षित घरांतून सागरसफरीची चर्चा वरचेवर ऐकूं येते. काशी-रामेश्वर झालें, मुलांबरोबर सिंगापूर झालें, आतां बोटीनें जाऊं या, असा सूर असतो. ज्यांच्या पणज्यांच्या काळीं समुद्रगमनास प्रायश्चित्त सांगितलें जात असे, त्याच घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रिया आज बोटीवर कांदालसणाशिवायचें जेवण मिळतें कीं नाहीं एवढीच शंका काढतात. (मिळतें; आधीं कळवावें लागतें.) मात्र यानंतरचा प्रश्न पैशाचा असतो, आणि तेथें बहुतेक बेत मोडतात. तो कां मोडावा, आणि न मोडतां कसा पार पाडावा, हेंच आज सांगावयाचें आहे.

कोंकणच्या लोकांना आगबोट नवी नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें असें करीत त्या पणजीस जात. पावसाळा लागला कीं समुद्र बंद. या नियमाचें मोल १७ जुलै १९४७ रोजीं फार कठोरपणें कळलें. त्या दिवशीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कोंकणच्या त्या प्रवासी बोटी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडल्या, १९९० नंतरच्या दशकांत आलेली पणजीची वेगवान कॅटामरानहि टिकली नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तीहि थोड्याच वर्षांत थांबली. पुढें १८ सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीप व कोची या बाजूंस सफरी करूं लागली. ही बोट १९९० सालची, अकरा मजल्यांची. कोंकणच्या जुन्या बोटींत माणूस गांवीं जाण्यासाठीं बसे. येथें तो बसण्यासाठींच बसतो. हा फरक लक्षांत घेतला म्हणजे भाड्याचें सारें गणित उलगडतें.

गांवीं जाणाऱ्याला गणपतीच्या आधीं पोंचावेंच लागतें. त्याला भाडें वाढलें तरी जाणें भाग. सफरीवाल्याला तसें कांहीं नसतें. उलट, बोट एकदां धक्क्यावरून सुटली कीं रिकाम्या राहिलेल्या खोलीचा पैसा कंपनीला कायमचा बुडाला. तेल तितकेंच जळतें, खलाशी तितकेच लागतात. म्हणून खोली रिकामी जाण्यापेक्षां थोड्या पैशांत भरलेली बरी, असा कंपन्यांचा हिशेब. बोटवाल्यांच्या चढाओढीनें भाडें कुठवर उतरूं शकतें याचें टोकाचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. चिदंबरम् पिळ्ळै यांनीं १९०६ सालीं तुतिकोरीनहून कोलंबोस जाणारी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हां इंग्रज कंपनीनें भाडें उतरवतां उतरवतां शेवटीं फुकट नेण्याची तयारी दाखविली आणि वर छत्रीहि देऊं केली, असें सांगतात. आज छत्री कोणी देत नाहीं. पण रिकाम्या खोलीचें भय तेंच आहे.

यावरून कोणी म्हणेल, मग अगदीं शेवटच्या आठवड्यांत जावें, स्वस्तांत मिळेल. एकट्यादुकट्या जोडप्याला हें साधतें. एकत्र कुटुंबाला साधत नाहीं. आम्हांला दोन-तीन खोल्या शेजारीशेजारी हव्यात, म्हाताऱ्यांना उद्वाहकाजवळची हवी, शाळेंतल्या शिक्षकाला रजा आधीं मागावी लागते. शेवटच्या घटकेला उरलेल्या खोल्या एक या टोकाला तर दुसरी त्या टोकाला असतात. आमच्यासारख्यांनीं बरेच महिने आधीं, कंपनीनें हंगामाच्या तारखा नुकत्याच जाहीर केल्या असतां, नोंदणी करावी. आणि पैसे भरण्यापूर्वीं सफर रद्द केल्यास किती कापतात तें वाचून घ्यावें. वडील माणसें बरोबर असतां हें कलम भाड्याइतकेंच महत्त्वाचें.

खरी स्वस्ताई मात्र तारखेंत आहे, आणि ती तारीख शोधण्याचें साधन आपल्या भिंतीवरच टांगलेलें असतें. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते इंग्रजी नववर्ष, आणि मे महिना या तीन वेळां सर्वांत महाग. शुक्रवारीं निघून रविवारीं परतणाऱ्या सफरी बारमाही महाग, कारण मुंबईचे नोकरदार त्याच दिवशीं मोकळे असतात. त्याच बोटीची आठवड्याच्या मधल्या वारीं सुटणारी सफर स्वस्त पडते. २६ जानेवारीसारखी सुट्टी शनिवार-रविवारला चिकटून आली कीं तो आठवडाहि सोडावा. एवढें कोणीहि सांगेल. परंतु बोटीवर नवविवाहितांची संख्या मोठी असते, हें लक्षांत घेऊन पंचांग उघडावें. तुळशीचें लग्न लागलें कीं मुहूर्त सुरू होतात. मार्गशीर्षांत, माघांत व फाल्गुनांत वऱ्हाडें हिंडतात. आणि त्या पाठोपाठ जोडपीं. पौषांत आपल्याकडे लग्नें होत नाहींत. तेव्हां नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जो पौष उरतो, त्यांत शाळा चालू, परीक्षा जवळ, लग्नें नाहींत, समुद्र शांत आणि हवा गार, असा दुर्मिळ योग जुळतो.

हा उरलेला पौष दरवर्षीं सारखा नसतो. २०२६ सालीं पौषी अमावास्या १८ जानेवारीस आली, म्हणजे संक्रांतीनंतर चारच दिवस हातीं लागले. त्या वर्षीं ज्येष्ठ अधिक असल्यानें पुढचे महिने सरकले आणि २०२७ मधील पौषी अमावास्या ६ फेब्रुवारीवर गेली. अधिक मासाचा उपयोग केवळ जावयाला अनरसे घालण्यापुरता नाहीं, एवढें यावरून दिसावें.

दुसरा असाच योग पितृपक्षाचा. पावसाळ्यांत मुंबईहून सफरी नसतात. २०२२ च्या जूनमध्यें ‘एम्प्रेस’नें चेन्नईहून सफरी सुरू केल्या त्या याच कारणास्तव, पुढील वर्षीं तर ती तेथून श्रीलंकेसहि गेली. बोट परतून मुंबईचा हंगाम सुरू होतो त्या सुमारास बहुधा भाद्रपदाचा वद्य पक्ष असतो, आणि व्यापारी सांगतात कीं या पंधरवड्यांत नवी खरेदी मंदावते. प्रवासालाहि बरेच लोक कचरतात. ज्यांच्या घरीं पक्ष नाहीं, किंवा ज्यांची तिथि पंधरवड्याच्या आरंभींच उरकते, त्यांना हा काळ स्वस्त पडूं शकेल. समुद्र मात्र तेव्हां पुरता निवलेला नसतो, हें उलटीची संवय असणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या घरीं हा प्रश्न थोरल्या काकूंमुळें उभा राहिला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखणारे, आणि उभ्या जन्मांत समुद्र पाहिला तो एकदांच, जुहूच्या वाळूंतून. डॉक्टरांनीं सांगितलें कीं न्यावयाचें तर याच वर्षीं न्या. त्या म्हणाल्या, “मी एकटी कशाला येऊं? सगळीं चला, नाहीं तर राहूं द्या.” सगळीं म्हणजे अकरा माणसें. दिवाळीच्या तारखांचे आंकडे मांडले तेव्हां घरच्या सामायिक शिलकेंत फक्त सहाजणांची सोय होत होती. मग कोणीं राहावयाचें हें ठरवण्यावरून दोन रात्रीं घरांत कोणी धड बोललें नाहीं. पौषांतल्या मधल्या वारांचा आंकडा मांडल्यावर तीच शिल्लक दहाजणांना पुरली. अकरावा धाकटा भाऊ. द्राक्षांची तोड नेमकी त्याच दिवसांत, त्यामुळें तो कोणत्याहि भाड्यांत येऊं शकत नव्हता.

या हिशेबांत खोलीच्या वाटणीचा हातभार मोठा. भाडें दर माणशीं छापतात, पण तें खोलींत दोघे धरून. एकट्यानें खोली घेतली तर जवळजवळ दोघांचें द्यावें लागतें. उलट तिसऱ्या-चौथ्या माणसाला बरीच सूट असते. म्हणून काकू, माझी पत्नी व वहिनी एका खोलींत, आणि मुलें थोरांच्या खोल्यांत विभागून. खिडकी नसलेली आंतली खोली सर्वांत स्वस्त. गच्चीची खोली फार महाग. आम्हीं सर्व खोल्या आंतल्याच घेतल्या. झोपण्यापुरतें आंत जावयाचें, समुद्र वरच्या मजल्यावरून सर्वांना सारखाच दिसतो. एवढें झाल्यावर पुण्याच्या एका दलालानें अंतिम देयक दिलें, त्यांत बंदरशुल्क, सेवकांची बक्षिशी व सरकारी कर निराळे. ते जाहिरातीच्या आंकड्यांत नव्हते. नाणेघाटाचा रांजण मला आठवला तो येथें. वाचकांनीं आरंभींच ‘सर्व धरून किती?’ असें विचारावें आणि उत्तर लेखी घ्यावें. गोवा-लक्षद्वीपासाठीं पारपत्र लागत नाहीं, ओळखपत्र पुरतें; श्रीलंकेस जावयाचें तर लागतें.

आमच्याकडून बोटीपर्यंतचा खर्चहि धरावा लागतो. आळेफाट्यावरून माळशेज घाटानें मुरबाड, कल्याण आणि मुंबई, ही वाट सोयीची. आम्हीं आदल्या दिवशींच मुंबईस नातलगांकडे उतरलों, कारण घाटांत गाडी बिघडली तरी बोट कोणासाठीं थांबत नाहीं. बॅलार्ड पिअरजवळ जें नवें प्रवासी धक्कागृह २० सप्टेंबर २०२५ रोजीं उद्घाटित झालें, तें पाहतां तेथें चाकाच्या खुर्चीची अडचण पडूं नये.

बोटीच्या स्थलांतराची सफर हाहि एक स्वस्त प्रकार आहे. पावसाळ्यापूर्वीं बोट एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास नेतात तेव्हां ती रिकामी नेण्यापेक्षां प्रवासी घेऊन नेतात. दर रात्रीं भाडें कमी पडतें, पण परतीचें आगगाडीचें तिकीट त्यांत मिळवूनच तुलना करावी. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं अलास्काच्या सफरी मे किंवा सप्टेंबरांत, म्हणजे हंगामाच्या दोन्ही टोकांस घ्याव्या. कॅरिबियन समुद्राच्या सफरी थँक्सगिव्हिंग व नाताळ यांमधल्या पंधरवड्यांत स्वस्त असतात. त्या समुद्रांतील वादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यांतही भाडें उतरतें, पण तें कां उतरतें हें उघड आहे.

बोटीवर काकूंना पहांटे जाग येई. दुसऱ्या दिवशीं त्या वरच्या मजल्यावर शाल पांघरून बसल्या होत्या. क्षितिजावर मासेमारीच्या होड्यांचे दिवे होते. त्यांनीं मला विचारलें, “हें पाणी आपल्या मीनेचें धरायचें कां?” मी म्हणालों, मीना घोडला, घोड भीमेला, आणि भीमा कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्रास जाते, हा समुद्र निराळा. त्यांना हें पसंत पडलें नाहीं.

धाकट्या भावाची फेरी राहिली आहे. द्राक्षें उतरल्यावर फाल्गुनांत त्याला व त्याच्या मुलांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीनें नेऊन आणावें, असें घरीं ठरलें. २०२० च्या मार्चपासून ती चालू झाली, मोटारहि चढते, आणि खर्च अगदीं किरकोळ. पुढच्या भाद्रपदांत आमच्या घरची तिथि द्वितीयेला आहे. ती झाल्यावरच्या तारखा त्यानें आतांच वहींत लिहून ठेवल्या आहेत.